शेतावरील विजेचा फलक : ब्रेकर तारेच्या मापाचा हवा

उसाच्या लागणीला किंवा उन्हाळी भुईमुगाला पाण्याची निकड असते, वीज येण्याची वेळ ठरलेली असते आणि नेमका त्याच वेळी विहिरीवरील फलकातील एम.सी.बी. पडतो. शेतकरी तो वर करतो. मोटार दहापंधरा मिनिटे चालते आणि तो पुन्हा पडतो. दोन दिवस असे झाले की तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या बाजारातून अधिक अँपिअरचा एम.सी.बी. आणविला जातो. जुना काढून नवा बसला की मोटार अखंड चालते, पाट वाहू लागतो आणि घरच्यांना हायसे वाटते. काही ठिकाणी तर तेवढेही कष्ट घेतले जात नाहीत, पडणाऱ्या एम.सी.बी.ला बगल देऊन तार सरळ जोडली जाते. हा प्रकार खेडोपाडी इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात काही वावगे आहे असे कोणास वाटत नाही. परंतु विजेच्या कामात याहून घातक अशी सवय क्वचितच दाखविता येईल. तिचे फळ पुष्कळदा तार जोडणाऱ्यास नव्हे, तर रात्री गोठ्यात वैरण टाकावयास गेलेल्या माणसास किंवा दावणीच्या मुक्या जनावरास भोगावे लागते.

ही सवय जुन्या फ्यूजच्या काळापासून चालत आलेली आहे. चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये मापाची बारीक तार घालावयाची असते. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला म्हणजे ती वितळावी आणि पुढची सर्व तार वाचावी, हा तिचा हेतू. पण मापाची तार घरात नसे, बाजार दूर असे. म्हणून हाती लागेल ती तांब्याची तार पिळून बसविली जाई. १९२० च्या दशकात जर्मनीतील मानहाइम येथे ह्यूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यात फ्यूजच्या जागी फिरकीने बसविता येणारा आणि पडल्यावर पुन्हा वर करता येणारा छोटा ब्रेकर तयार झाला. आजच्या एम.सी.बी.चा तो पूर्वज होय. महाराष्ट्रात १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झाले, पुढील दशकांत वीज वाड्यावस्त्यांवर व विहिरींवर पोहोचली, २००५ साली मंडळाची विभागणी होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. आणि या काळात पुष्कळ ठिकाणी किटकॅटची जागा एम.सी.बी.ने घेतली. साधन सुधारले, ते वापरण्याची रीत मात्र जुनीच राहिली.

एम.सी.बी.च्या पोटात दोन स्वतंत्र यंत्रणा असतात, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पहिली म्हणजे दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी. प्रवाह थोडा जास्त झाला की ती तापते, हळूहळू वाकते आणि ब्रेकर पाडते. दुसरी म्हणजे तारेचे वेटोळे. दोन तारा एकमेकींस चिकटून प्रवाह एकदम वाढला, की त्या वेटोळ्याचे चुंबक होऊन ते निमिषार्धात ब्रेकर पाडते. भारतीय मानकानुसार १६ अँपिअरचा ब्रेकर सुमारे १८ अँपिअरवर तासभर तरी पडता कामा नये, आणि सुमारे २३ अँपिअरवर तासाच्या आत पडलाच पाहिजे. म्हणजे त्यावर छापलेला आकडा ओलांडताच तो पडतो, असे नाही. थोडा जादा भार तो काही काळ सोसतोच. एवढी सवलत मुळातच दिलेली असताना वर आणखी मोठा ब्रेकर बसविणे म्हणजे राखण उठवून शेत मोकळे सोडण्यासारखेच आहे. दांडी हाताने किंवा दोरीने वर बांधून ठेवली म्हणजे तो पडणार नाही, असाही काहींचा समज असतो. तोही खोटा आहे. दांडी वर राहिली तरी आतील संपर्क सुटतोच, अशी त्याची रचना केलेली असते.

आता मुख्य प्रश्न असा की, हा पहारा कशावर आहे? पुष्कळ शेतकऱ्यांस वाटते की एम.सी.बी. मोटारीसाठी असतो, कित्येकांस वाटते की तो माणसास झटका बसू नये म्हणून असतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. एम.सी.बी. हा प्रथमतः त्याच्या पुढे गेलेल्या तारेसाठी असतो. यास्तव त्याचा आकडा तारेच्या ताकदीवरून ठरला पाहिजे. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, आणि १६ अँपिअरच्या जागी ६३ अँपिअर वाहू लागले तर ती पंधरापटीहून अधिक होते. नेहमीच्या तारेचे पी.व्ही.सी. वेष्टण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी केलेले असते. त्यापलीकडे ते मऊ पडते, कडक होऊन तडकते आणि शेवटी जळते.

आपल्याकडील उन्हाळा व नळीतून नेलेली तांब्याची तार गृहीत धरली, तर सावधपणाचे प्रमाण असे ठेवावे : दुकानात जिला दीड एम.एम. म्हणतात त्या तारेस १० अँपिअरचा ब्रेकर, अडीच एम.एम.ला १६ चा, चार एम.एम.ला फार तर २५ चा आणि सहा एम.एम.ला ३२ चा. ॲल्युमिनियमची तार असल्यास ती एक माप जाड घ्यावी, कारण त्या धातूची वाहकता तांब्याच्या सुमारे साठ टक्केच असते. एकाच वाटेने पुष्कळ तारा एकत्र बांधून नेल्या असतील, तर त्या परस्परांस तापवितात. तेथे याहूनही हात आखडता घ्यावा. पुढचा भार मोठा असेल आणि हा ब्रेकर त्यास पुरत नसेल, तर तार बदलावी आणि मग ब्रेकर बदलावा. हा क्रम उलटा करता येत नाही.

शहरातील घरापेक्षा शेतावर ही गोष्ट अधिक कडकपणे पाळावी लागते. याचे कारण अंतर. वस्तीवरील घरापासून गोठा १५० मीटर दूर आहे आणि एका दिव्यासाठी तेथवर दीड एम.एम.ची तांब्याची तार नेली आहे, असे समजावे. जाऊन-येऊन ३०० मीटर तार झाली. तिचा रोध सुमारे ३.६ ओहम भरतो. गोठ्यात उंदराने वेष्टण कुरतडून दोन्ही तारा एकमेकींस चिकटल्या, तर २३० व्होल्टच्या दाबाने त्या मार्गातून वाहणारा प्रवाह जेमतेम ६३ अँपिअर होईल; प्रत्यक्षात त्याहून थोडा कमीच. आता घरातील फलकावर कोणी ६३ अँपिअरचा दणकट एम.सी.बी. बसविला असेल, तर त्याच्या दृष्टीने हा प्रवाह म्हणजे रोजचाच भार होय. तो जागचा हलणार नाही. दीड एम.एम.च्या तारेचे वेष्टण मात्र मिनिटाच्या आत वितळू लागेल, आणि ती तार जेथे कडब्याच्या गंजीजवळून किंवा पाचटाच्या छपराखालून गेली असेल तेथे पुढे काय होईल ते सांगावयास नको. त्याच ठिकाणी 'बी' जातीचा १० अँपिअरचा ब्रेकर असता, तर तो तत्क्षणी पडला असता आणि शेतकऱ्याचे नुकसान वीतभर तारेवर भागले असते. ज्यांना मोठा ब्रेकर म्हणजे अधिक भक्कम संरक्षण वाटते, त्यांनी हा हिशेब कागदावर एकदा स्वतः मांडून पाहावा.

येथे 'बी' आणि 'सी' या अक्षरांचा उलगडा केला पाहिजे. एम.सी.बी.च्या तोंडावर अँपिअरच्या आकड्याआधी एक इंग्रजी अक्षर छापलेले असते. 'बी' जातीचा ब्रेकर आपल्या आकड्याच्या तिप्पट ते पाचपट प्रवाहाला, 'सी' जातीचा पाचपट ते दहापट प्रवाहाला आणि 'डी' जातीचा दहापट ते वीसपट प्रवाहाला क्षणात पडतो. दिवे, पंखे व दूरवर गेलेली बारीक तार यांस 'बी' चांगला. मोटार सुरू होताना मात्र क्षणभर नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. म्हणून पाण्याची मोटार, कडबाकुट्टी व छोटी गिरणी यांस 'सी' घ्यावा. 'डी'ची शेतावर सहसा जरूरी पडत नाही.

तीन फेजची ५ अश्वशक्तीची साधी मोटार पूर्ण भारावर सुमारे ७ ते ८ अँपिअर घेते, आणि सुरू होताना पन्नासपंचावन्नपर्यंत जाते. तिला 'बी' १० बसविला तर तो सुरुवातीसच पडेल. 'सी' १६ मात्र ८० अँपिअरच्या खाली क्षणात पडत नसल्याने सुरुवात सहज निभावून नेईल. बोअरमधील पाणबुडी मोटार त्याच अश्वशक्तीला काहीसा अधिक प्रवाह घेते. म्हणून निवड ऐकीव आकड्यावरून न करता मोटारीवरील पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरवरून करावी. ती पट्टी रंगाखाली बुजली असेल तर खरवडून वाचावी.

तीन फेजच्या मोटारीस तीन दांड्या एकत्र जोडलेला, म्हणजे तीन पोलचाच एम.सी.बी. हवा. पैसे वाचविण्यासाठी किंवा घरात पडून आहेत म्हणून तीन सुटे ब्रेकर ओळीने बसविलेले पुष्कळ ठिकाणी दिसतात. त्यांतील एकच पडला तर मोटार दोन फेजवर गुरगुरत राहते आणि थोड्याच वेळात तिचे गुंडाळे जळते. मोटार जळण्यापासून वाचविण्याचे खरे काम स्टार्टरमधील ओव्हरलोड रिलेचे आणि फेज गेल्यास मोटार बंद करणाऱ्या उपकरणाचे आहे. रिले मोटारीच्या पट्टीवरील आकड्यास जुळवून ठेवलेला असावा. कित्येक स्टार्टरांत तो कमाल आकड्यावर फिरवून ठेवलेला किंवा सरळ काढून टाकलेला असतो, आणि मग मोटार जळाली की दोष वीज कंपनीस दिला जातो. कधी तो दोष खराही असतो. पण प्रत्येक वेळी नसतो.

यावर शेतकऱ्यांचे जे म्हणणे असते ते टाळून चालणार नाही, कारण ते वाजवी आहे. ज्या ठिकाणी शेतीची वीज रात्रीच्या पाळीत मिळते, तेथे काळोखातून, विंचूकाट्याची भीती बाळगून, थंडीत विहिरीवर जाऊन पडलेला एम.सी.बी. वर करणे ही शिक्षाच असते. पाळी चुकली तर पीक वाळते. अशा स्थितीत "दादा, जरा मोठा बसवून द्या, पुन्हापुन्हा पडतो" असे शेतकऱ्याने वायरमनला म्हणणे स्वाभाविक आहे. ते ऐकून वायरमनने निमूटपणे मोठा ब्रेकर बसविणे मात्र स्वाभाविक मानता येत नाही. त्याच्या विद्येचा उपयोग याच प्रसंगी व्हावयाचा असतो. ब्रेकर पडतो त्यास कारण असते. आणि ते कारण शोधण्यास बहुधा एक प्रहरही लागत नाही.

ब्रेकर कोणत्या क्षणी पडतो यावरूनच अर्धे निदान होते. स्टार्टर बंद असताना, नुसती दांडी वर करताच तो पडत असेल, तर फलकापासून स्टार्टरपर्यंतच्या तारेत दोष आहे. स्टार्टर दाबताच पडत असेल, तर ब्रेकरची जात चुकली असेल, पंप अडकला असेल किंवा मोटारीचे अथवा केबलचे वेष्टण गेले असेल. येथे वायरमनने मेगर लावून पाहावे आणि तोवर दांडी पुन्हापुन्हा वर करून पाहू नये. दहापंधरा मिनिटे चालून मग पडत असेल, तर ती उष्णतेची बाब होय. यांत सर्वांत सामान्य कारण म्हणजे सैल स्क्रू. सैल जोडावर उष्णता निर्माण होते, ती ब्रेकरच्या पोटातील पट्टीस पोहोचते आणि भार बेताचा असूनही तो पडतो. मुख्य स्विच बंद केल्यावर जोडाजवळचे वेष्टण तपकिरी झालेले किंवा ब्रेकरची कड करपलेली दिसली, तर कारण सापडलेच. तेथे नवा मोठा ब्रेकर आणला तर तोच सैल जोड आणखी तापण्यास मोकळीक मिळते.

जोड घट्ट असूनही ब्रेकर पडत असेल, तर टाँग टेस्टर लावून तिन्ही फेजचा प्रवाह मोजावा. मोटारीच्या पट्टीवरील आकड्यापेक्षा तो अधिक भरला, तर दाब कमी आहे का, बेअरिंग गेले आहे का, पंपात रेती भरली आहे का, हे पाहावे. दाब उतरला की तोच भार ओढण्यासाठी मोटार अधिक प्रवाह घेते. आणखी एक कारण सहसा ध्यानात येत नाही. पावसाळ्यानंतर विहिरीचे पाणी वर येते, पंपास चढवावयाची उंची कमी होते आणि नेहमीचा पंखाचा पंप अधिक पाणी फेकू लागून अधिक शक्ती ओढतो. उन्हाळ्यात बिनतक्रार चालणारी मोटार कार्तिकात ब्रेकर पाडू लागते, ती पुष्कळदा याचमुळे. मुखाशी झडप थोडी आवळून पाहिली की प्रवाह उतरतो. स्टार्टरजवळचा कपॅसिटर निकामी झाला असेल, तरी फलकातून जाणारा प्रवाह वाढतो. तो बदलणे नवीन एम.सी.बी. आणण्याइतकेच सोपे आहे.

फलक कोठे लावला आहे, हेही पाहावे. एम.सी.बी.चे माप सामान्यतः ३० अंश तापमानास धरून ठरविलेले असते. विदर्भात व मराठवाड्यात वैशाखात बाहेरचाच पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोपटात, पश्चिमेच्या पत्र्यावर ठोकलेल्या लोखंडी पेटीत तो किती चढत असेल याची कल्पना करता येईल. अशा पेटीतील ब्रेकर छापलेल्या आकड्याच्या आतच पडतो, आणि दोष ब्रेकरवर येतो. पेटी सावलीच्या भिंतीवर हलवावी, ब्रेकरांमध्ये थोडी फट ठेवावी. एवढ्यानेही पुष्कळ वेळा तक्रार मिटते.

आता माणसाच्या जिवाची गोष्ट. मोटारीचे वेष्टण जाऊन तिच्या लोखंडी अंगात वीज उतरली तर एम.सी.बी. पडेल आणि माणूस वाचेल, अशी समजूत बाळगणे अत्यंत धोक्याचे आहे. कोरड्या मुरमात ठोकलेल्या सळईचा जमिनीशी रोध २० ओहम धरला, तर २३० व्होल्टला जमिनीत जाणारा प्रवाह साडेअकरा अँपिअर होतो. १६ अँपिअरचा एम.सी.बी. त्यास मुळीच दाद देणार नाही. मोटारीचे अंग तसेच जिवंत राहील, आणि ओल्या पायांनी तिला हात लावणाऱ्याच्या देहातून जो प्रवाह जाईल तो मिलिअँपिअरमध्ये मोजण्याजोगा असला तरी प्राण घेण्यास पुरेसा ठरेल. यासाठी आर.सी.सी.बी. हे निराळे उपकरण असते. ते जाणारा व परत येणारा प्रवाह सतत ताडून पाहते आणि दोहोंत तफावत पडताच वीज तोडते. घर, गोठा व हाताने वापरावयाची यंत्रे यांसाठी ते ३० मिलिअँपिअरचे असावे; १६ अँपिअरच्या ब्रेकरहून हे माप पाचशेपटींनी सूक्ष्म आहे. लांबच लांब केबल असलेल्या पाणबुडी मोटारीस ते विनाकारण पडत असेल, तर योग्य माप वायरमनने मोजणी करून ठरवावे. ते काढून टाकणे हा उपाय नव्हे. जादा भारापासून आर.सी.सी.बी. संरक्षण देत नाही, म्हणून एम.सी.बी.ही हवाच. त्यावरील 'टी' अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर ते पडले नाही, तर ते नसल्यासारखेच समजावे.

गोठ्याबाबत विशेष काळजी घेणे जरूर आहे. जनावरांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक, अंगाखालची जमीन मूत्राने सदैव ओली, आणि दावण पुष्कळदा लोखंडी पाइपाची. यामुळे माणसास जेथे नुसती झिणझिणी जाणवते तेथे म्हैस जागीच पडू शकते. एक फेज घेऊन दुसरे टोक जमिनीतील सळईस जोडण्याची व त्यावर गोठ्यातील दिवा लावण्याची जी युक्ती काही वस्त्यांवर चालते, ती तर तात्काळ बंद झाली पाहिजे. त्या सळईभोवतीची जमीनच जिवंत होते, आणि तेथे कोणताही ब्रेकर उपयोगी पडत नाही.

खरेदी करताना ब्रेकरवर आय.एस.आय. चिन्ह, त्यावरील मानकाचा क्रमांक आणि खालचा परवाना क्रमांक हे तिन्ही आहेत, अशी खातरी करून घ्यावी. परवाना खरा की खोटा हे भारतीय मानक ब्यूरोच्या 'बी.आय.एस. केअर' या मोबाइलवरील सोयीतून पाहता येते. चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा असतो. तारा चिकटल्यास किती अँपिअरपर्यंतचा प्रवाह तो स्वतः न फुटता तोडू शकेल, याचा तो निर्देश होय. गावातील १०० के.व्ही.ए.च्या डी.पी.च्या अगदी तोंडाशीसुद्धा हा प्रवाह साधारणपणे तीन हजारांच्या आसपास राहतो. शेतापर्यंत तो पुष्कळच उतरतो. म्हणून ६००० चा ब्रेकर बहुतेक शेतकऱ्यांस पुरतो व अधिकासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. ते पैसे आर.सी.सी.बी.कडे वळवावेत.

बसविण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. हाती पक्कड आहे म्हणून कोणीही फलक उघडू नये. काम चालू असताना शेतकऱ्याने जवळ उभे राहून काही गोष्टींकडे मात्र लक्ष द्यावे. मुख्य स्विच बंद करून टेस्टरने खातरी केल्यावाचून काम सुरू होऊ नये. एका पोलचा ब्रेकर फेजवरच येतो. न्यूट्रलवर तो बसला तर पडल्यावरही पुढील सर्व तार जिवंत राहते. ब्रेकर पट्टीवर टिचकीसरशी पक्का बसावा, डुगडुगू नये. पदरी तारेची टोके पिळून तशीच खुपसू नयेत, त्यांस लग दाबून बसवावेत. एका भोकात दोन-तीन तारा कोंबू नयेत. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक तार ओढून पाहावी. ॲल्युमिनियमची तार काही दिवसांनी दबून सैल पडते, म्हणून महिन्याभराने ती पुन्हा आवळावी. न वापरलेली भोके बुजवावीत, कारण उघड्या पेटीत पाल शिरते, मुंग्या घर करतात आणि त्यांच्या पायी नवा फलक वर्षाच्या आत जळतो. कोणता ब्रेकर कशाचा, ते मराठीत लिहून चिकटवावे. अपघाताच्या वेळी शेतावर वायरमन नसतो, घरची बाई किंवा शाळकरी मूल असते.

सौर पंपांच्या बाबतीत एक निराळी सूचना आवश्यक आहे. पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंतची वीज डी.सी. असते. ए.सी. विजेचा प्रवाह सेकंदास शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क सुटताना पडणारी ठिणगी आपोआप विझण्यास मदत होते. डी.सी.मध्ये प्रवाह शून्यावर येतच नाही. ठिणगी धरून राहते आणि साधा एम.सी.बी. आतल्या आत पेटू शकतो. म्हणून सौर पंपाच्या पॅनेलकडील बाजूस विहिरीवरचा जुना ए.सी. ब्रेकर काढून कधीही लावू नये. तेथे त्या दाबाचा, डी.सी.साठीच केलेला ब्रेकर हवा, आणि त्यावर अधिक-उणे खुणा असतील तर जोडणी त्याबरहुकूम असावी.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांस वाटेल की हा विषय वीज खात्याचा आहे, बी-बियाणे व खतांशी त्याचा संबंध नाही. पण ठिबक, पाणबुडी पंप, कडबाकुट्टी व दूध काढण्याचे यंत्र घ्यावे असे शेतकऱ्यास सांगणारा कार्यकर्ताच असतो. यंत्र वाढले की फलकावरील भार वाढतो, आणि दहा वर्षांपूर्वी एका मोटारीसाठी घातलेल्या तारेवर आता तीन यंत्रे चालत असतात. दोन अश्वशक्तीची एक फेजची कडबाकुट्टी एकटीच दहाएक अँपिअर घेते, ही गोष्ट ती खरेदी करण्यापूर्वीच कोणीतरी शेतकऱ्याच्या कानावर घातली पाहिजे. कार्यकर्त्याने फलक उघडावा अशी अपेक्षा नाही. ब्रेकरच्या तोंडावरचा आकडा बाहेरूनच वाचता येतो, तारेचे माप तिच्या वेष्टणावर छापलेले असते, आणि हे दोन आकडे आपल्या वहीत शेजारी-शेजारी टिपून घेण्यास पाच मिनिटे पुरतात. तारेच्या मानाने ब्रेकर मोठा आढळला, तर वायरमनकडून जाड तार ओढवून घ्यावी किंवा ब्रेकर लहान करून भार दोन ब्रेकरांवर विभागून द्यावा. दुसरा मार्ग पुष्कळदा स्वस्त पडतो. शिवाय बाजारात ६३ अँपिअरचा एम.सी.बी. १६ अँपिअरच्या एम.सी.बी.हून महागच मिळतो. हे काम मृगाच्या आधी, भिंती कोरड्या असताना आणि वायरमनला सवड असताना उरकून घेणे सोयीचे पडते.